फ्रिजवरच्या दोन कॅसेटी

मी घाबरट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवणार नाही. पाल पाहून किंचाळणाऱ्यांतली मी नव्हे. पालीला मी चपलेने मारते. मला भीती वाटते दाराच्या बेलची, सरकारी पाकिटाची, आणि फोनवर पलीकडचं माणूस बोलायच्या आधी क्षणभर गप्प राहतं त्याची. ही भीती मी सौदीतल्या यान्बूमध्ये शिकले, चौदाव्या वर्षी. तिला निमित्त झाला एक फ्रेंच ढोलवाला, ज्याचं नाव पुढची वीस वर्षं मला ठाऊक नव्हतं.

अब्बा तिथे एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीत स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, वॉल्व्ह, हातमोजे, सगळं त्यांच्या ताब्यात. आमचं घर म्हणजे पत्र्याची दोन खोल्यांची केबिन, आणि खिडकीत बसवलेला एसी, जो इतका घरघरायचा की तो बंद पडला की आम्ही झोपेतून दचकून उठायचो. शाळा आठवीपर्यंतच होती, त्यामुळे मी दिवसभर अम्मीबरोबर घरात. अम्मी लाल समुद्राच्या माशाला कायम नावं ठेवायची. म्हणायची, "समुद्र फार स्वच्छ हाय इथला, म्हणून मासळीला चव नाय." मग गावाहून आलेलं कोकम आणि ओल्या नारळाऐवजी डब्यातलं खोबरं घालून तिचं कालवण व्हायचं, आणि अब्बा दोन वेळा भात घ्यायचे. घरात बोलणं सगळं खालच्या पट्टीत. भांडणसुद्धा हळू. अब्बा कचरा टाकायला बाहेर गेले तरी आधी शर्टाच्या खिशावर हात ठेवून इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, आहे ना ते बघायचे. माझ्या लहानपणातला अब्बांचा कुठला हावभाव आठवतो म्हणाल, तर तोच.

फोन करणं तेव्हा अवघड, आणि आमच्या दादीला वाचता येत नव्हतं. त्यामुळे आमच्याकडची पत्रं म्हणजे कॅसेटी. एका शुक्रवारी जेवणानंतर टेपरेकॉर्डर मधे ठेवायचा, अब्बा घसा खाकरायचे, आणि "मा, सलाम. मी बरा हाय" अशी सुरुवात व्हायची. मग अम्मी, मग मी. सुट्टीवर निघालेल्या कुणाबरोबर ती कॅसेट जायची आणि दोन महिन्यांनी तीच परत यायची, त्यावर गावाकडचे आवाज. दादी, सादिकचाचा, शकूफुफी, मागे कोंबड्या, कुणीतरी विहिरीवर बालदी आपटतंय. ते ऐकून झालं की त्याच्यावरच आम्ही परत बोलायचो. नव्या कॅसेटचा खर्च करावा असं कुणालाच वाटत नसे. त्यामुळे आमच्या घरात कुणाचाच आवाज कधी साठून राहिला नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

अब्बांच्या साइटवर एक फ्रेंच इंजिनियर होता. काम संपवून तो कायमचा निघाला तेव्हा तिथल्या रिवाजाप्रमाणे सामान वाटून गेला. कुणाला गादी, कुणाला पंखा. अब्बांच्या वाट्याला इस्त्री, आणि तिच्या वायरीत गुंडाळलेली, रेकॉर्डवरून भरून घेतलेली एक कॅसेट. डबीतल्या कागदावर उघड्या छातीचा एक माणूस ढोलांच्या मधोमध बसलेला आणि मागे एक बाई, तिच्या अंगावरचा कपडा शोधावा लागेल अशी. अम्मीने तो कागद बारीक फाडून गॅसवर जाळला. कागदाबरोबर त्या माणसाचं नावही जळलं. आम्ही त्याला नुसतं ढोलवाला म्हणायला लागलो.

त्याची हकीगत अब्बांना त्या इंजिनियरनेच सांगितली होती, आणि अब्बा ती आम्हाला भक्तिभावाने सांगायचे. ढोल वाजवणारा माणूस कायम मागे बसतो, पुढे गाणारा. या पोराने ढोल पुढे आणून ठेवला. रेकॉर्ड कंपनीवाले म्हणाले, गाणं तीन मिनिटांचं कर. हा म्हणाला, नाही, एक अख्खी बाजू एकच गाणं. त्यांनी हाकलून दिलं, तर याने स्वतःच रेकॉर्ड काढली आणि ती नाचाच्या हॉलमधून वाजवायला दिली. बघता बघता पॅरिसपासून अमेरिकेपर्यंत रात्रभर लोक त्याच्या ठेक्यावर नाचायला लागले. अब्बा जन्मात कधी नाचले नाहीत, पण "अख्खी बाजू एकच गाणं" हे सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. मलाही त्या ठेक्याने वेड लावलं. धुम, धुम, धुम, धुम, एकसारखा, न थकता. वर व्हायोलिनं यायची, बायका गायच्या, निघून जायच्या, तो आपला चालूच. मी पातेली उपडी घालून लाटण्याने साथ द्यायची. अम्मी म्हणायची, "हळू. कुणी ऐकेल." एसीच्या घरघरीत काय ऐकू जाणार होतं, पण तरी मी लाटण्याला फडकं गुंडाळायची.

त्या वर्षी शकूफुफीचा निकाह ठरला. अब्बांची सख्खी धाकटी बहीण, त्यांनी पाठुंगळी घेऊन वाढवलेली. अब्बांनी सुट्टी मागितली, पण प्लांटचं मोठं काम चालू होतं आणि ते संपेपर्यंत कुणालाही सोडणार नाही असं कफीलने सांगितलं. कफील म्हणजे आमचा मालक आणि जामीनदार. पासपोर्ट त्याच्या तिजोरीत. उंच, म्हातारा, कमी बोलणारा माणूस. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईला येऊन-जाऊन असायचा, त्यामुळे हिंदी बऱ्यापैकी समजायची. अब्बा त्याच्या समोरून आले की पाणी मागायचे.

त्या शुक्रवारच्या कॅसेटवर अब्बा सादिकचाचाशी बोलले ते मी शेजारी बसून ऐकलं. "सादिक, हे मा-ला ऐकवू नकोस, आधी तू एकटा ऐक. कफील सोडत नाय. तू एक तार कर. मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली. तार बघितली की तो पासपोर्ट देईल. माच्या नावाने खोटं बोलतोय, अल्ला माफ करो, पण शकूच्या निकाहाला मी नाय आलो तर काय उपयोग माझा." आखातातल्या निम्म्या लोकांच्या आया अशा कागदोपत्री आजारी पडून उठलेल्या होत्या. तरी अम्मी कानावर हात ठेवून आत गेली.

गुरुवारी सकाळी गावचा एक माणूस निघणार होता. अम्मीने पांढऱ्या कापडात दादीसाठी शाल आणि खजूर बांधले होते. कॅसेट मधे घालून ती गाठोडं शिवून टाकणार होती. आणि त्याच दिवशी ढोलवाल्याची कॅसेट फहादला द्यायची होती. फहाद कफीलचा धाकटा मुलगा, सतराएक वर्षांचा. स्टोअरमध्ये अब्बांच्या टेपवर त्याने तो ठेका ऐकला आणि मागितली. मालकाच्या मुलाला नाही म्हणायची अब्बांची काय बिशाद. दोन्ही कॅसेटी धूळ लागू नये म्हणून फ्रिजवर ठेवलेल्या. दोन्ही एकाच बनावटीच्या, दोन्हींच्या डब्या कोऱ्या, कारण आमच्या घरात कशावरही काही लिहून ठेवायची मनाई होती.

बाहेर हॉर्न वाजला. कफीलचा ड्रायव्हर हमीदचाचा दारात आला. तो श्रीवर्धनकडचा, आमच्याच बोलीचा. गाडीत फहाद बसलेला. दुसरा हॉर्न. अम्मी आतून म्हणाली, "नसीम, दे ना लवकर, ओरडतील." मी हात वर करून एक काढली, दाराच्या फटीतून हमीदचाचाच्या हातात दिली, दुसरी अम्मीला दिली. अम्मीने ती शालीत गुंडाळून भराभर टाके घातले. सगळं मिळून दोन मिनिटांचा खेळ. मी बघितलं नाही. हॉर्न ऐकला की मला काही दिसतच नाही.

शनिवारी दुपारी हमीदचाचा पाण्याचे कॅन द्यायला आला. अम्मी मोरीत होती. त्याने कॅन आत ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरी, गाडीत तुझ्या अब्बाचा आवाज वाजला."

मग त्याने सगळं सांगितलं. फहादने कॅसेट लावली, ढोलाऐवजी अब्बा बोलायला लागले. फहादला वाटलं शेवटी गाणं असेल, म्हणून तो पुढे पुढे पळवत राहिला, मग वैतागून त्याने ती डॅशबोर्डच्या खणात टाकली. "तो एक शब्द समजला नाय. मी सगळं समजलो," हमीदचाचा म्हणाला. "पण त्या गाडीत म्हातारा पण बसतो. त्याने लावली तर त्याला तार समजेल, मदर समजेल. तू अब्बाला काय बोलू नकोस. तो घाबरून स्वतःच जाऊन कबूल करेल. खण उघडा मिळाला की मी काढतो."

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येत नाही. बाहेर गाडीचं दार वाजलं की मी मोरीत जाऊन बसायची. अब्बांना यायला दहा मिनिटं उशीर झाला की त्यांना पोलिसांनी नेलं, एवढंच डोक्यात. आपल्याला एका बॅगेनिशी विमानात बसवतील, अब्बांच्या पासपोर्टवर शिक्का मारतील, गावात लोक म्हणतील याने आईला जिवंतपणी मारलं. जेवण जाईना. अम्मीने माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि मला ताप आहे असं परस्पर ठरवून टाकलं. गावाला ढोलवाला गेलाय, हे त्या चार दिवसांत मला एकदाही सुचलं नाही. मला फक्त त्या खणातली कॅसेट दिसत होती.

बुधवारी दुपारी तार आली. मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली, सादिक.

अब्बा ती घेऊन घरी आले आणि दार लावून घेतल्यावर हसले. इतक्या महिन्यांत ते असे मोकळे हसले नव्हते. "शनिवारी कॅसेट पोचली असेल, सोमवारी तार टाकली. सादिक एकदम चोख माणूस." अम्मी म्हणाली, असं हसू नका. अब्बा म्हणाले, "अगं, म्हाताऱ्याने काय केलं ऐक. तार वाचली, तिजोरी उघडली, पासपोर्ट हातात ठेवला. म्हणतो, माँ है, आज निकलो, मेरा गाडी जेद्दाह छोड़ेगा. मला वाटलं होतं दहा प्रश्न विचारेल. मीच म्हटलं, स्टोअरचा चार्ज देऊन पुढच्या गुरुवारी जातो. बघतच राहिला माझ्याकडे." निकाहाला अजून बारा दिवस होते. आधी जाऊन काय करणार, जेद्दाहला शकूसाठी खरेदी करू, असा त्यांचा हिशोब.

मी भाकरी मोडत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. गावात अब्बांचं बोलणं पोचलंच नव्हतं. सादिकचाचाला कुणी खोटी तार करायला सांगितलंच नव्हतं.

आता वाचणारा म्हणेल, मग तिथल्या तिथे बोलायचं. हो, बोलायचं. मी नाही बोलले. मी स्वतःची समजूत घातली, की सादिकचाचा हुशार आहे, त्याला आपणहून सुचलं असेल, सगळेच करतात. शिवाय बोलायचं म्हणजे कॅसेट कुठे आहे ते सांगायला हवं, आणि हमीदचाचाने बजावलं होतं. पण खरं कारण यातलं एकही नाही. मी अब्बांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्या चेहऱ्याची मला भीती वाटत होती; मी तोंड उघडलं की तो बदलणार होता. बुधवार गेला. गुरुवारी अब्बांनी स्टोअरची मोजदाद केली आणि रात्री जेवताना शकूफुफीसाठी कुठला रंग घ्यावा यावर अम्मीशी वाद घातला. मी हिरवा म्हटलं. अल्लाशपथ सांगते, मी हिरवा म्हटलं.

शुक्रवारी जेवणानंतर अब्बांनी सवयीने टेपरेकॉर्डर मधे आणून ठेवला, घरातली दुसरी एक जुनी कॅसेट घातली आणि म्हणाले, "चला, सादिकला शाबासकी देऊया. मी जाताना घेऊन जाईन, तिथे एकत्र ऐकू." त्यांनी लाल बटण दाबलं. "मा, सलाम. मी बरा हाय." मग माझ्याकडे बघून, "बोल नसीम, दादीला विचार, आता तब्येत कशी हाय." आणि डोळा मारला.

मी म्हणाले, "अब्बा, दादीने काहीच ऐकलेलं नाही. गावाला ढोलवाला गेलाय."

मग बाकीचं सगळं एका दमात सांगितलं. टेप फिरत होता. अब्बांनी मला मारलं नाही, ओरडलेही नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे सादिकला काय म्हायतच नाय?" मी मान हलवली. त्यांनी बटण बंद केलं. उठताना त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. ते त्याच कपड्यांत चालत कफीलच्या घरी गेले. बारा वर्षांत पहिल्यांदा ते त्याच्या दारात न बोलावता उभे राहिले असतील. अर्ध्या तासात हमीदचाचा त्यांना घेऊन जेद्दाहच्या रस्त्याला लागला होता.

दादी शनिवारी पहाटे गेली. अब्बा रविवारी दुपारी गावात पोचले. ती शनिवारीच कब्रस्तानात गेली होती.

अब्बा तिकडे असताना हमीदचाचाने ती डॅशबोर्डमधली कॅसेट आणून दिली. मी दार लावून, आवाज अगदी बारीक करून लावली. फहादने मधे ती घरी नेऊन तिच्यावर रेडिओवरची गाणी भरून टाकली होती, दोन्ही बाजू. अब्बांचं एक अक्षर उरलं नव्हतं. मी जमिनीवर बसून अल्लाचा शुक्र मानला, दोनदा. आता कुणी अब्बांना पकडणार नव्हतं. आज माझ्याकडे अब्बांचा आवाज कुठेच नाही. त्या शुक्रवारची अर्धवट कॅसेट अम्मीने पुढच्या महिन्यात पुन्हा वापरली. आखातात बावीस वर्षं आवाज पाठवत राहिलेल्या माणसाचा एक सलामसुद्धा उरला नाही, आणि कधी कधी मला त्या फहादचा असा राग येतो की काय सांगू. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष.

चाळीस दिवसांनी अब्बा परतले. दाढी वाढलेली, वजन उतरलेलं. शकूफुफीचा निकाह पुढे ढकलला होता. त्यांनी पिशवीतून ढोलवाल्याची कॅसेट काढून फ्रिजवर ठेवली. अम्मीने पाणी दिलं. ते प्याले आणि माझ्याकडे न बघता, नेहमीच्या हळू आवाजात सांगायला लागले. शनिवारी गाठोडं पोचलं, तेव्हा दादी खाटेवरच होती, दम लागत होता. सादिकने तिच्या उशाशी टेप ठेवला, शेजारपाजारची माणसं आली, कारण आमची कॅसेट सगळी वाडी ऐकायची. बटण दाबलं तर धुम, धुम, धुम. पोरं हसायला लागली. सादिक बंद करायला गेला, तर दादीने त्याचा हात धरला. म्हणाली, थांब, बाजा संपला की तो बोलेल. पंधरा मिनिटं झाली, बाजू संपली. तेव्हा ती म्हणाली, पलटी कर, दुसऱ्या बाजूला असेल.

"दोन्ही बाजू ऐकल्या तिने," अब्बा म्हणाले. "रोज लावायला लावायची. कुठेतरी मधे बोलला असेल, तुम्ही नीट ऐकत नाय, म्हणायची."

एवढं बोलून ते आत जाऊन झोपले. माझ्या त्या दोन दिवसांबद्दल त्यांनी त्या दिवशी काही म्हटलं नाही, आणि नंतर मरेपर्यंत नाही. त्यांनी एकदा तरी म्हणायला हवं होतं असं मला वाटतं. पुढे शकूफुफीच्या निकाहात गावच्या बेंजो पार्टीने तोच ठेका वाजवला. रोज ऐकून ऐकून पोरांना पाठ झाला होता. तिथून तो आसपासच्या गावांत गेला, वरातींत घुसला. पॅरिसचा तो माणूस आमच्या खाडीकाठी इतका लोकप्रिय झालाय, हे त्याला कुणी कळवलं असेल असं वाटत नाही.

त्याचं नाव मला कळलं तेव्हा मी स्वतः आई झाले होते. ढोल पुढे आणणाऱ्यांचा जमाना सरला, लोक त्याला विसरले, मग नवीन पोरांनी त्याच्याच ठेक्याचे तुकडे कापून आपल्या गाण्यांत डकवले आणि म्हातारपणी त्याला पुन्हा स्टेजवर चढवलं. आता मी मुलीकडे रियाधला असते. ती इथल्या ओलाया भागात एका बँकेत कामाला आहे. मागच्या हिवाळ्यात तिने मोबाइल पुढे केला: तो इथे येतोय, याच शहरात, उघड्या मैदानात. मी म्हटलं, मला नको. मग रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हटलं, चल.

ज्या देशात मी लाटण्याला फडकं गुंडाळत होते, तिथे हजारो माणसं, पोरीबाळी, उभी राहून ओरडत होती. तो आला. पांढरे केस, सत्तरी ओलांडलेला, ढोल स्टेजच्या अगदी पुढे. धुम, धुम, धुम, धुम. माझा हात पर्सकडे गेला, इकामा आहे की नाही ते बघायला. आजूबाजूला कुणाचं लक्ष नव्हतं, तरी मी मागे वळून बघितलं, कुणी बघतंय का. भीती काही गेली नाही. व्हायोलिनं आली, बायका गायल्या, निघून गेल्या, तो चालूच. मी डोळे मिटून ऐकत होते, अगदी नीट, मधे कुठे काही येतं का ते.

गाणं संपलं, दिवे लागले, माणसं खाण्याच्या गाड्यांकडे वळली. माझी नात झोया दहा वर्षांची, कंटाळली होती. माझा हात ओढून म्हणाली, "नानी, खतम हो गया। चलें?"

मी म्हणाले, "थांब गं. दुसरी बाजू राहिलीय."